सतरा नंबरची कॅसेट

ओतूरच्या एस.टी. स्टँडसमोर कल्पेश भटेवराचं कॅसेटचं दुकान होतं. सिनेमाची गाणी, भारुडं, लग्नातल्या बँडच्या कॅसेटी, जे मागाल ते तिथे मिळायचं. फक्त सर्वांत वरच्या फळीवर त्रेचाळीस कॅसेटी होत्या, त्यांना मागून उपयोग नव्हता. त्यांतली कोणती कोणाला द्यायची हे कल्पेश ठरवायचा, आणि बहुतेकांना तो नाहीच म्हणायचा.

"विकायच्या नाहीत तर फळी कशाला अडवलीस?" त्याचे वडील रूपचंदशेठ विचारायचे. त्यांचं किराण्याचं दुकान शेजारीच होतं. माल घेणाऱ्याची चौकशी करून मग माल देणारा व्यापारी त्यांनी साठ वर्षांत पाहिला नव्हता.

त्या कॅसेटी जर्मनीच्या होत्या. १९९३ साली खोडदला मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या राहत होत्या, तेव्हा हॉर्स्ट नावाचा एक जर्मन तंत्रज्ञ वारूळवाडीला कल्पेशच्या मामाकडे वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होता. त्याचा टेपरेकॉर्डर बिघडला आणि मामाने भाच्याला बोलावलं. हॉर्स्टचं इंग्रजी तुटक आणि कल्पेशचं त्याहून तुटक, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं. दुरुस्ती झाल्यावर हॉर्स्टने एक कॅसेट लावली. कल्पेश बसून राहिला. गाणं सुरू कधी होणार याची वाट पाहत त्याने पंधरा मिनिटं काढली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हेच गाणं आहे.

"आमच्या वडिलांची गाणी आम्हाला गायची नव्हती," हॉर्स्टने त्याला सांगितलं. "युद्धानंतर ती कोण गाणार? अमेरिकेची गाणी चांगली होती, पण ती आमची नव्हती. मग आमच्यातल्या काही पोरांनी इंजिनाच्या आवाजापासून सुरुवात केली."

पुढच्या मे महिन्यात हॉर्स्ट परत गेला आणि जाताना कॅसेटींची बॅग कल्पेशच्या हवाली करून गेला. त्याने दोनच गोष्टी बजावल्या. दिवसाला एकच ऐक. आणि कोणाला देशील तर आधी माणूस बघून दे.

कल्पेशने दोन्ही पाळल्या. रोज सकाळी आठ ते नऊ शटर अर्धं ओढून तो एक कॅसेट ऐके. कॅसेटींवरची नावं त्याला धड वाचता येत नव्हती, म्हणून त्याने नंबर घातले आणि एका लांब वहीत चार रकाने आखले: नंबर, काय ऐकू येतं, अंगात काय होतं, कोणाला द्यावी. चार नंबर म्हणजे माळशेजच्या कड्यावरून उलटा येणारा वारा. विजेच्या पेटीवर वाजवलेला, पण वाराच. नऊ नंबरमध्ये अकरा मिनिटं काहीच घडत नाही, मग एक गिटार एकदाच रडते. बावीस नंबर देवळातल्या घंटांची, फक्त त्या घंटा पाण्याखाली आहेत. एकतीस नंबरात लोखंड ओढल्याचा आवाज, ड्रिल मशीन, मध्येच कोणीतरी ओरडतं, मध्येच काही नाही, मग जिथे अपेक्षा नसते तिथे काच फुटते. त्या कॅसेटीपुढे चौथ्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: कोणालाच देऊ नये.

"जैनाचं घर," त्याची आई कस्तुरबाई म्हणायची, "आणि सकाळच्या प्रहरी दुकानात भुतं वाजतात."

"भुतं नाहीत बाई, जर्मन आहेत," त्याची बायको डिंपल भाकरी उलटत म्हणायची. "भुतं निदान रात्रीची येतात."

माणूस पारखण्याची त्याची पद्धत ठरलेली होती. तो तीन प्रश्न विचारायचा. झोप कशी लागते? घरात कोणाशी बोलणं होतं? एकटे असताना रेडिओ लावता का बंद करता? कल्याण गाडीचे ड्रायव्हर गेणभाऊ यांना त्याने एकदा चार नंबरची प्रत भरून दिली. आठ दिवसांनी गेणभाऊंनी ती काउंटरवर ठेवली.

"ही आपल्याकडं नको, शेठ. घाटात लावली आन् मला वाटाया लागलं गाडी चालतीया पर मी गाडीत न्हाई."

"मग चुकलंच माझं. ही घरी ऐकायची होती."

"घरी बायकू हाय राव, तिथं वारं लागतच न्हाई."

कल्पेशने ती चूकही वहीत टिपून ठेवली.

सतरा नंबरचं काम वेगळं होतं. तिच्यात एक ढोल होता. धड ढोलही नाही. डिझेल इंजिन एकदा लागलं की जसं एका ठेक्यात चालतं तसा तो पहिल्या सेकंदापासून चालायचा आणि बाजू संपेपर्यंत थांबायचा नाही. त्याच्यावर बाकीची वाद्यं येत, जात, पण ढोल तसाच. बाजू संपायला दोन मिनिटं उरली की उकळत्या किटलीसारखी एक बारीक शिटी सुरू व्हायची. दुसऱ्या बाजूला तोच ढोल पुढे. पहिल्यांदा ऐकली तेव्हा कल्पेशच्या मानेवरचे केस उभे राहिले होते. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रात्रपाळीच्या ऑपरेटरला दिवसा झोप लागत नव्हती, त्याला त्याने ही कॅसेट दिली. महिन्याने ऑपरेटर सांगू लागला, "पहिला आठवडा दचकून उठायचो. आता ऐकूच येत नाही. पण बायकोने बंद केली की त्याच क्षणी जाग येते." कल्पेशने वहीत लिहिलं: वीस वेळांनंतर ऐकू येत नाही. बंद झाली तर कळते.

ही ओळ लिहून तो विसरला. ती त्याला आठवली तेव्हा फार उशीर होत आला होता.

२००१ च्या ऑक्टोबरात कुंडलिक दुकानात आला. मांडवी नदीच्या अंगाला त्याची वस्ती होती: दोन खोल्या, गोठा, आणि अंगणाच्या दहा पावलांवरून सुरू होणारा चार एकर ऊस. घरात म्हातारा बाप सोमाजी, बायको सरूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी आरती. त्या साली जुन्नर तालुक्यात बिबट्याचं नाव काढल्याशिवाय दिवस मावळत नव्हता. कुत्री जात होती, शेळ्या जात होत्या, आणि दोन-तीन ठिकाणी त्याहून वाईट झालं होतं. आवाज करत राहा, असं सगळे एकमेकांना सांगत. लोक रेडिओ लावून ठेवत, पत्र्याचे डबे वाजवत.

"रेडिओवाला मधीच गप बसतो," कुंडलिक म्हणाला. "सिनेमाची क्यासेट लावली तर दोन गाण्यांच्या मधी खंड पडतो. त्या खंडात कुत्री भुकाया लागत्यात. मला अशी क्यासेट द्या, शेठ, जिला खंडच न्हाई."

कल्पेशने हात वर केला आणि सतरा नंबर काढली. तिन्ही प्रश्न त्याने त्या दिवशी विचारले नाहीत. गरजच इतकी नेमकी होती की त्याला आनंद झाला. सात वर्षं तो ज्या कॅसेटीसाठी माणूस शोधत होता, तो माणूस आपल्या पायांनी चालत आला होता. त्याने प्रत भरून दिली, आपोआप बाजू उलटणारा एक जुना डेक दिला, लाकडी पेटीतला मोठा स्पीकर दिला आणि स्वतः वस्तीवर जाऊन जोडून दिला. डेक घरात, स्पीकर अंगणात शेवग्याखाली, तोंड उसाकडे. बाजू उलटताना खट् करून फक्त सहा सेकंद गप्प. त्याला त्याने खंड धरला नाही.

गुण आला. पहिल्याच आठवड्यात पावलांचे ठसे वस्तीला वळसा घालून गेलेले दिसले. रूपचंदशेठसुद्धा पहिल्यांदा मुलावर खूश झाले. "जनावराला इजा नाही, माणसाला इजा नाही. हा धंदा पुण्याचा झाला," ते म्हणाले. दिवाळीपर्यंत अकरा वस्त्यांवर सतरा नंबर गेली. संध्याकाळी सहाच्या सुमारास ओतूरच्या पुलावर उभं राहिलं की नदीच्या दोन्ही अंगांनी तोच एक ठेका ऐकू यायचा, कुठे थोडा पुढे, कुठे थोडा मागे, उसातून चालत आल्यासारखा. कल्पेश मुद्दाम पुलावर जाऊन उभा राही. आपण वाजवत नसतानाही सगळं शिवार आपण वाजवतोय असं त्याला वाटे.

त्याचा सर्वांत आवडता श्रोता मात्र बहिरा होता. सोमाजीला दहा वर्षं काही ऐकू येत नव्हतं. त्याने आपली बाज स्पीकरला टेकवून घातली होती. संध्याकाळी कॅसेट लागली की तो पेटीवर पालथा पंजा ठेवून बसायचा.

"ह्यो बाजा मला हाडात ऐकू येतो," तो बहिऱ्या माणसांसारखा मोठ्याने सांगायचा. "कल्पेशशेठ, दहा वर्सांत घरात काय वाजलं ते मला ठावं न्हाई. ह्ये ठावं हाय."

कल्पेशने त्याच्या नावाचा वेगळा कागद वहीत डकवला.

पुढच्या साली काही घडलं नाही. त्याच्या पुढच्या जानेवारीत कुंडलिकचा ऊस तुटायला आला. तोडणी चालू असताना एक दिवस तो दुकानात आला तो हसतच.

"शेठ, तुमचं गिऱ्हाईक वाढलं."

"कोण?"

"तीन पिल्लं. मांजरीएवढी. तोडणीवाल्यांना घावली. आमी तशीच ठिवली, रातच्यात आई उचलून घिऊन गेली." तो काउंटरवर रेलला. "कुठं घावली इचारा की. स्पीकरपास्नं चाळीस पावलं. बाजा ऐकत ऐकत बाळंत झाली बगा ती."

कल्पेश हसला नाही. कुंडलिक गेल्यावर त्याने वही काढली आणि सतरा नंबरचं पान उघडलं. वीस वेळांनंतर ऐकू येत नाही. ही ओळ त्याने माणसाबद्दल लिहिली होती. ऑपरेटरने ती कॅसेट महिनाभर ऐकली होती. त्या मादीने सव्वा वर्ष ऐकली होती. आणि त्या पिल्लांनी तर आईच्या पोटात असल्यापासून दुसरं काही ऐकलंच नव्हतं. त्यांना तो ढोल म्हणजे काय वाटत असेल? आपल्याला स्वयंपाकघरातला आवाज वाटतो तसा? आणि तो ढोल अकरा घरांच्या दारात वाजत होता.

त्या संध्याकाळी तो वस्तीवर गेला. कुंडलिकचं कुत्रं स्पीकरला पाठ लावून गाढ झोपलं होतं. पूर्वी ते स्पीकरच्या आसपास फिरकत नसे.

त्याने लगेच काही केलं नाही, ही गोष्ट त्याने स्वतःपासून कधी लपवली नाही. फेब्रुवारी गेला, उन्हाळा गेला. आपण उगाच भितो असं तो मनाला सांगत राहिला. खरं कारण वेगळं होतं. सतरा नंबर बंद झाली तर सोमाजीची पेटी मुकी होणार होती आणि पुलावरचा तो ठेकाही जाणार होता. जूनमध्ये शेजारच्या वस्तीवरचं वासरू गेलं, चालू स्पीकरच्या शेजारून. तेव्हा तो उठला.

अकरा वस्त्या तो फिरला. नऊ जणांनी कॅसेट परत दिली, तीही त्याचा मान म्हणून. दोघांनी दिली नाही.

"गुण हाय तवर कशाला बदलायची?"

"गुण गेलाय. त्याला सवय झालीय."

"तुमाला त्यानं सांगितलं का?"

परत घेतलेल्या प्रत्येक कॅसेटीच्या बदल्यात त्याने दुसरी दिली. तिच्याबद्दल त्याने नऊ वर्षं 'कोणालाच देऊ नये' असं लिहून ठेवलं होतं. एकतीस नंबरची सवय होणं शक्य नव्हतं. त्याला स्वतःला झाली नव्हती. सात जणांनी ती आठ दिवसांत बंद केली. सरूबाईने मात्र निकराने चालू ठेवली.

"रातभर डोळ्याला डोळा न्हाई," ती त्याला म्हणाली. "म्हस दूध चोरती. पर तुमी सांगताय म्हणल्यावर त्यात कायतरी आसंल."

सोमाजीने एकतीस नंबरवर पंजा ठेवून पाहिला. पेटी थरथरली, थांबली, दणकली, गप्प झाली. त्याने हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. कल्पेशशी तो त्या दिवशी बोलला नाही. पुढच्या दोन महिन्यांत घरातही तो कोणाशी बोलला नाही, असं नंतर कळलं.

त्या वर्षी संवत्सरी एक सप्टेंबरला आली. पर्युषणाच्या शेवटच्या या दिवशी उपास आणि वर्षभराच्या चुका कबूल करायचं प्रतिक्रमण होतं, आणि दुसऱ्या दिवशी जैन माणूस वर्षभरात ज्याच्या ज्याच्याशी संबंध आला त्याच्याकडे जाऊन हात जोडतो आणि 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. माझ्याकडून जाणता-अजाणता जे दुखावणं झालं ते निष्फळ होवो. एरवी कल्पेश हे पेठेतल्या पेठेत उरकून टाकी. या वर्षी त्याने यादी केली. शेवटचं नाव सोमाजी.

तो दुसरा दिवस, मंगळवार होता. गावात गणपतीचे मंडप लागले होते. सगळी घरं करून तो मोटारसायकलवरून नदीकडे निघाला तेव्हा सहा वाजून गेले होते. दिवस मावळायच्या आत परतायचं, नाहीतर नियमाप्रमाणे पाण्याचा घोटही उद्यावर जाणार, असा हिशेब करत त्याने ओढ्याजवळ गाडी बंद केली. पुढे चिखल होता. आणि गाडीचा आवाज थांबल्यावर त्याला ढोल ऐकू आला.

सतरा नंबर. कुंडलिकच्या अंगणातून.

तो चालू लागला, मग भरभर चालू लागला, मग पळाला. फाटकाशी आल्यावर थांबला.

ऊस डोक्याच्या वर गेला होता. शेवग्याखाली सोमाजी बाजेवर बसला होता, पंजा पेटीवर, डोळे मिटलेले. त्याच्यापासून सात-आठ पावलांवर, जिथे अंगण संपून ऊस सुरू होतो तिथे, एक बिबट्या बसला होता. पूर्ण वाढलेला नाही. पुढचे पाय छातीखाली दुमडून, घरातलं मांजर उंबऱ्याशी बसतं तसा तो बसला होता. म्हाताऱ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो पेटीकडे पाहत होता.

एक दिसतोय म्हणजे बाकीचे दोघे आणि त्यांची आई उसात आहेत, एवढं कल्पेशला कळलं. त्याने दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं आणि चौकटीत आरती उभी होती. ती बारावीला होती. तिच्या हातात परातीतलं अर्धं मळलेलं पीठ होतं, आणि ती हलत नव्हती.

त्याच वेळी किटलीची शिटी सुरू झाली.

बाजू संपायला दोन मिनिटं होती. कल्पेशने ही बाजू किती वेळा ऐकली होती याची गणती नव्हती. शिटी चढत जाईल, एक गिटार येईल, निघून जाईल, मग खट् होईल आणि सहा सेकंद काही नसेल. बंद झाली तर कळते. आपल्याच अक्षरातली ती ओळ त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. जन्मापासून उसातून लांबून ऐकलेला तो सहा सेकंदांचा खंड वेगळा आणि सात पावलांवरून ऐकलेला वेगळा. जनावर दचकेल. दचकलेलं जनावर कुठे उडी घेईल?

फाटकाजवळ पाण्याचं निळं प्लास्टिकचं पिंप पालथं पडलं होतं. कल्पेश हळूच गुडघ्यांवर बसला. त्याने दोन्ही तळवे पिंपावर ठेवले आणि मनात ठेका धरला. शिटी चढली. गिटार आली, गेली.

खट्.

त्याने वाजवायला सुरुवात केली. हातात जोर नको, नुसता तोच ठेका, तेवढाच वेग. बिबट्याचे कान फिरले, मग मान फिरली आणि त्याने सरळ कल्पेशकडे पाहिलं. ते डोळे पिवळे नव्हते. संध्याकाळच्या उजेडात ते पाण्यासारखे बिनरंगी दिसत होते. एक, दोन, तीन. उसात डावीकडे काहीतरी उठून उभं राहिलं असावं, कारण पानं हलली आणि वारा नव्हता. चार, पाच. सोमाजीने डोळे उघडले, कारण त्याच्या पंजाखालची पेटी थांबली होती.

दुसरी बाजू सुरू झाली. बिबट्याने मान पुन्हा पेटीकडे वळवली.

कल्पेश उठला आणि अंगणातून चालत गेला. नंतर त्याला कोणी विचारलं की तेव्हा मनात काय होतं, तर तो सांगायचा, मी फक्त ठेक्यात पाय टाकत होतो. त्याने सोमाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"आलास का, शेठ," सोमाजी सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "बग, माज्या नातीनं बाजा आनला."

कल्पेशने त्याच्या तोंडावर बोट ठेवलं आणि उसाकडे खूण केली. म्हाताऱ्याने पाहिलं. तो बाजेवरून उठला. दोघे पाठ न दाखवता दारापर्यंत गेले, आरतीने आजोबाचा हात धरून आत ओढलं आणि दाराला अडसर घातला.

"मैतरणीकडनं भरून आणली," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "आजोबा दोन महिने बोलत न्हवते, काका. आई-आबा गणपतीच्या आरतीला गेल्यात. म्हणलं, ते येस्तोवर लावावी."

"मैत्रिणीकडे कुठून आली?"

"तिच्या मामाकडनं. त्यांनी कुणाकडनं घेतली, काय म्हाईत."

कल्पेशने घड्याळ पाहिलं. पावणेसात. घरातला फोन चालू होता. आरतीने गावात फोन केला, माणसं जमवून यायला तासभर लागेल असं उत्तर आलं. डेक आतच, फडताळावर होता. बंद करावा का चालू ठेवावा, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. सात वाजता लोडशेडिंग होतं.

ते तिघे भिंतीला टेकून बसले. आरतीने दिवाही लावला नाही. बाहेर ढोल चालला होता. कल्पेशला त्यातलं प्रत्येक वळण ठाऊक होतं आणि प्रत्येक वळणावर त्याला वाटत होतं की यापुढे हे आपल्याला ऐकायचं नाही. मग त्याला आठवलं, आपण कशाला आलो होतो. त्याने सोमाजीसमोर हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाला, "मिच्छामि दुक्कडम्." म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. तो भिंतीवर पंजा ठेवून बसला होता, कारण भिंतीतूनही त्याला ठेका लागत होता.

"थांबला," सोमाजी म्हणाला.

कल्पेशला ते त्यानंतर कळलं. डेकवरचा लाल दिवा विझला होता.

बराच वेळ काहीच नाही. मग अंगणात पेटी ओढल्याचा आवाज आला. एकदा, आणि थांबून पुन्हा. मग दाराच्या खालच्या फळीवर काहीतरी लागलं. नख लावून ओरबाडल्यासारखं नाही. कोणी आत घ्या म्हणून अंग घासावं तसं. आरतीने तोंडात ओढणी कोंबली. दाराबाहेर खर्जातला, कण्हल्यासारखा एक आवाज आला. भूक लागलेल्या जनावराचा तो आवाज नव्हता, असं कल्पेशला वाटलं. पण असं आपल्याला आधीही पुष्कळ काही वाटलेलं आहे, हेही त्याला त्याच क्षणी वाटलं.

आठ वाजता बॅटऱ्या, मशाली घेऊन माणसं आली. अंगणात कोणी नव्हतं. स्पीकरची पेटी बाजेपासून उसाच्या कडेपर्यंत ओढलेली होती आणि तिच्या कापडाच्या चिंध्या झाल्या होत्या. बाजेची नवारही फाटली होती, जिथे म्हातारा बसतो बरोबर तिथे.

कुंडलिकने कल्पेशला तोंडावर काही बोल लावला नाही. "तुमी सांगत व्हता," तो एवढंच म्हणाला. सरूबाईने सासऱ्याची बाज त्या रात्रीपासून आत घातली. सोमाजी पुढची दोन वर्षं जगला. कल्पेश महिन्यातून एकदा दुकानातला लहान स्पीकर घेऊन जाई, भर दुपारी, दार लावून, त्याच्या मांडीवर ठेवी आणि सतरा नंबर लावी. मूळ कॅसेट. तिची प्रत त्याने परत कधी भरली नाही.

इतर लोकांनी भरल्या होत्या. संवत्सरीला तो दर वर्षी वस्त्या फिरू लागला. क्षमा मागायची आणि कॅसेट मागायची. पहिल्या वर्षी चौदा मिळाल्या, दुसऱ्या वर्षी नऊ. एकही त्याने भरलेली नव्हती. त्यांच्यावर भजनं, ऑर्केस्ट्रा, पाढे अशी नावं लिहिलेली होती आणि आत ढोल होता.

कॅसेटींचे दिवस संपले. २००६ मध्ये कल्पेशने दुकानात मोबाइलची कव्हरं आणि रिचार्ज ठेवायला सुरुवात केली. वरची फळी मात्र त्याने हलवली नाही. २००८ च्या श्रावणात साळुबाई नावाची एक अनोळखी बाई डिंगोऱ्याच्या बाजूने आली. पिशवीतून तिने गुंतलेली कॅसेट काढून काउंटरवर ठेवली. फीत बाहेर लोंबत होती.

"दुरुस्त व्हईल का, भाऊ? धा दुकानं फिरले. आता कोणी हात लावीना."

त्याने पेन्सिलीने फीत आत घेतली, जुन्या डेकमध्ये घातली आणि बटण दाबलं. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता. प्रतीची प्रत, तिचीही प्रत. पण ठेका तोच होता.

"ही रोज लावता?"

"रोज. दिवस मावळला की. लई गुण हाय हिचा. आमच्याकडं बिबट्या दारात येतो, पर कुणाला काय करत न्हाई. येतो, बसतो, जातो."

कल्पेशने डेक बंद केला नाही. बंद करायला हात पुढे गेला होता, तो त्याने तसाच धरून ठेवला.

"दारात म्हणजे किती जवळ?"

"ओसरीवर," ती म्हणाली. "सासूबाईंच्या बाजेखाली. तीन दिस झाले क्यासेट गुतून. त्यो येतोच हाय, भाऊ, आन् क्यासेट न्हाई म्हणून म्हाताऱ्या बाईकडं बगत बसतो. म्हणून तर घाई केली."

कल्पेशने शटर अर्धं ओढलं. वरच्या फळीवरून त्याने कोणालाच सवय न होणारी एकतीस नंबर काढली, मोठा स्पीकर उचलला आणि गाडीची किल्ली शोधू लागला. बाहेर चार वाजले होते. दिवस मावळायला तीन तास होते, आणि डिंगोरं ओतूरपासून फार लांब नाही.